आत्यासाहेबांची हत्तीण आणि तिचे गळके छत

“बाबा, आपल्या गाडीचं छत उघडतं, की नुसतंच रडतं?”

श्रीगजवदनास नमन असो, वाटेवरच्या मारुतीस नमन असो, आणि आकाशातून पडणाऱ्या पाण्यास खाली उतरावयाची वाट ज्याने प्रथम करून दिली त्या अज्ञात कारागिरासही नमन असो. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावण वद्य द्वितीया, सोमवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे, ते समयी वरील सवाल राजकन्या यशोधरा यांनी प्रत्यक्ष महाराजांस भर रस्त्यात केला, आणि त्या एका सवालाने राज्यात जो प्रलय जाहला त्याची ही साद्यंत हकीकत. राज्याचे नाव विचारू नये. चौमजली किल्ला, पहिल्या मजल्यावर तीन खोल्यांचा महाल आणि एक सज्जा, तळाशी सज्जापुढे उघड्यावर पीलखाना, ज्यास हल्लीचे लोक पार्किंग म्हणतात, एवढाच मुलूख. महाराज श्रीनिवासराव राज्याचे धनी, सहा फूट उंच, बोलणे कमी. राणीसाहेब वृंदाबाई, त्या महाराजांच्या वाटणीचेही बोलत. राजकन्या एकुलती, वय वर्षे पंधरा, इयत्ता दहावी. गतसालापर्यंत उत्तर येत असताही जिचा हात बाकाखालून वर निघत नसे, तीच चालू साली आंतरशालेय वक्तृत्वात तिसरी आली, आणि तेव्हापासून प्रश्न विचारावयास कोणासही भीत नाहीशी जाहली. तिचा प्रताप काय वर्णावा! परंतु हा सवाल करून ती पस्तावली, ते पुढे येईल.

आता हत्तीण म्हणजे कोण? तर गाडी. राखाडी रंग, वय चौदा, डाव्या कुशीस पोचा, आणि मस्तकावर काचेचा सरकता झरोका, ज्यास सनरूफ म्हणतात. ही हत्तीण महाराजांची नव्हे. महाराजांच्या थोरल्या भगिनी प्रमिलाबाई, राजकन्येच्या आत्यासाहेब, टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होत्या, समोरच्या किल्ल्यात एकट्या राहत, आणि त्यांनी ती स्वतःच्या पगारातून घेतली. दुकानदार म्हणाला, “मॅडम, सनरूफचं काय करणार? उगाच धूळ.” तेव्हा आत्यासाहेब म्हणाल्या, “बाजूच्या खिडक्यांतून शेजारी दिसतात, त्यांचा मला कंटाळा आलाय. वर बघायला काहीतरी हवं.” त्यांची उंची चार फूट दहा इंच, सबब हत्तिणीचे आसन अगदी पुढे ओढलेले, आणि त्या चालवू लागल्या म्हणजे बाहेरून पाहणारास गाडी आपोआप चालली आहे असे वाटे. राजकन्या लहान असता तीस उभ्या गाडीत झरोक्यातून वर काढीत आणि म्हणत, “ओरड, कारटे. तुझं नाव ओरड. वर कोणी बसलेलं नाही हसायला.” आणि राजकन्या ओरडे, मग पीलखान्यातील कबुतरे उडत. वर्गात जो हात पुढे वर जाहला, त्याची सुरुवात तेथे.

आत्यासाहेबांनी लग्न केले नाही. का, ते या हकीकतीत नाही, आणि त्यांनीही कोणास सांगितले नाही. परंतु हत्तीण आली त्या सालच्या दसऱ्यास या राज्याच्या पीलखान्यात गाडीची पूजा जाहली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले, आणि आत्यासाहेब आत जाऊन झरोका उघडून छातीपर्यंत बाहेर उभ्या राहिल्या व सज्जाकडे पाहून म्हणाल्या, “काय रे शिनू, माझ्या डोक्यावर काही अक्षता पडल्या नाहीत जन्मात. टाका की! गाडी आहे, हार आहे, नवरदेव तेवढा उशिरा येतोय.” मग महाराज हसले, आणि राणीसाहेबांनी हळदीच्या अक्षतांचे ताट आणि झेंडूच्या पाकळ्यांची परडी आणली, आणि वरून मुठीमुठीने उधळण जाहली. तेव्हापासून दर दसऱ्यास हा रिवाज पडला. चौदा दसरे अक्षता पडल्या. आत्यासाहेब दरवेळी डोळे मिटून उभ्या राहत, आणि केसांत तांदूळ घेऊन दिवसभर तशाच सोने वाटत हिंडत, कोणी झटकू लागले तर झटकू देत नसत.

चौदावा दसरा शके १९४६ चा. त्या दिवशी त्या झरोक्यात उभ्या राहिल्या खऱ्या, परंतु एका हाताने काचेची कड धरून होत्या, आणि राजकन्येस ते सज्जातून दिसले, आणि तिने कोणास सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी आत्यासाहेबांस इस्पितळात नेले, आणि मार्गशीर्ष वद्य पंचमीस देवाज्ञा जाहली. मग हत्तीण या राज्याच्या पीलखान्यात आली, आणि महाराज तीवरून कचेरीस जाऊ लागले, आणि रोज संध्याकाळी घरी येऊन गुडघ्यांस तेल चोळू लागले, आणि राणीसाहेब “वय झालं तुमचं” म्हणत, आणि महाराज हूं म्हणत. असे दिवस चालले असता आषाढ लागला, आणि हत्तीण गळू लागली.

प्रथम आतल्या दिव्यापाशी एक डाग, मग थेंब, मग गतिरोधकावर गाडी उचलली की झरोक्याच्या कडेने ओंजळभर पाणी थेट चालवणाराच्या मानेत. महाराजांनी युद्ध पुकारले. हार्डवेअरवाल्याकडून सिलिकॉनची नळी आणून काचेच्या चारी कडा लिंपल्या, तरी पाणी हटेना. दुसऱ्यांदा लिंपल्या, तरी हटेना. तिसऱ्यांदा असा लेप दिला की झरोकाच चिकटून बसला, उघडेनासा जाहला, आणि तरीही पाणी येतच राहिले. पायपोसाखाली तळे जाहले. गाडीत आत्यासाहेबांचा एक वास होता, वाळ्याचा आणि खोकल्याच्या गोळ्यांचा. तो जाऊन कुबट वास भरला. राजकन्या दप्तर मांडीवर घेऊन बसे आणि नाक खिडकीपाशी लावी.

आता त्या सवालाचे कारण. राजकन्येच्या दोन सखी, फरीन आणि देवकी. मागल्या शुक्रवारी पाऊस होता म्हणून महाराजांनी दोघींस गाडीतून शाळेत नेले, आणि वळणावर पाणी पडले ते देवकीच्या उघड्या डब्यात. देवकी म्हणाली, “काका, माझ्या उपम्याचं सूप झालं.” महाराज हसले नाहीत. मधल्या सुट्टीत दोघी राजकन्येस म्हणाल्या, “वक्तृत्वात मोठी बोलतेस ना? मग बाबांना विचारून दाखव, छत उघडतं की नुसतंच रडतं.” राजकन्या म्हणाली, “त्यात काय?” फरीन म्हणाली, “हेच शब्द. एक पण बदलायचा नाही. नाही विचारलंस तर दिवाळीपर्यंत आमच्या बाटल्या तू भरायच्या.” राजकन्येने पैज घेतली, आणि सोमवारी सकाळी, गाडी सिग्नलला उभी असता, वर लिहिल्याप्रमाणे विचारले. तिला वाटले महाराज हसतील. महाराजांनी दोन्ही हात सुकाणूच्या चाकावर ठेवले, आणि सिग्नल हिरवा जाहला, मागचे लोक भोंगे वाजवू लागले, तरी गाडी हलेना. मग हलली. शाळेचे फाटक आले. राजकन्या उतरली तेव्हा महाराज समोर पाहत म्हणाले, “रविवारी अकरा वाजता दलाल येईल. देऊन टाकू गाडी. तुझ्या मैत्रिणींना सांग, प्रश्न सुटला.” आणि गेले.

राजकन्येवर आकाश कोसळले. तिला हत्तीण पाहिजे होती. आत्यासाहेबांचे दुसरे काही राहिलेच नव्हते. समोरच्या किल्ल्यातील घर आवरून जाहले होते, साड्या वाटून जाहल्या होत्या, चष्मा कोणी नेला ते कोणास ठाऊक नव्हते. आणि आपल्याच जिभेने ती घालविली असे तिला वाटले. मधल्या सुट्टीत ती रडली, आणि देवकीने आपला अर्धा डबा पुढे केला, आणि फरीन म्हणाली, “मी गंमत केली गं. मला काय माहीत.” राजकन्या म्हणाली, “रविवारच्या आत गळणं थांबलं पाहिजे. गळायचं थांबलं की बाबा कशाला देतील?” अशी मसलत ठरली. घरी येऊन राजकन्येने हत्तिणीचा खण उपसला. त्यात आत्यासाहेबांची छोटी कात्री, दोन गोळ्या, आणि एक तेलकट कार्ड निघाले, त्यावर इसाक मिस्त्री असे नाव आणि नाल्यापलीकडील पत्ता.

बुधवारी शाळा सुटताच राजकन्या फरीनसह सायकलींनी स्वारीस निघाली. उस्ताद इसाक मिस्त्री आपल्या गॅरेजात एका जीपच्या पोटाखाली होते, नुसते पाय दिसत. राजकन्या म्हणाली, “काका, राखाडी गाडी, सनरूफवाली, वरून गळतेय.” आतून आवाज आला, “प्रमिलाबाईंची? गेल्या दसऱ्यानंतर आल्याच नाहीत त्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, इसाकचं काय चुकलं, दुसरा मिस्त्री धरला काय? सांग त्यांना, मी रागावलोय.” फरीनने बोलावयास तोंड उघडले, तेव्हा राजकन्येने हाताने तीस थांबविले. मग म्हणाली, “आत्या गेली.” आठ महिन्यांत हे दोन शब्द तिने स्वतःच्या तोंडाने उच्चारले ते प्रथमच, कारण ज्याला त्याला ठाऊकच होते, सांगावे कोणास? मग उस्ताद बाहेर आले, पांढरी दाढी, हवेचा पंप बंद केला, आणि फडक्याने हात पुसू लागले, हात स्वच्छ जाहले तरी पुसत राहिले. म्हणाले, “शुक्रवारी झेंडावंदन झालं की येतो. बेटा, एक तांब्या पाणी तेवढं तयार ठेव.”

वद्य सप्तमी, शुक्रवार. उस्ताद पीलखान्यात दाखल जाहले, खांद्यावर पिशवी, हातात सायकलच्या ब्रेकची जुनी तार आणि पायाने मारायचा पंप. महाराज खाली येईनात. सज्जातून राणीसाहेब म्हणाल्या, “अहो, जा ना, माणूस एवढा आलाय.” महाराज म्हणाले, “रविवारी जायचीच आहे, आता कशाला?” तोच खाली उस्तादांनी पातळ पाते घेऊन काचेच्या कडेचे सिलिकॉन खरवडावयास आरंभ केला, आणि ते महाराजांनी वरून पाहिले, आणि चपला न घालता धावत आले. “अहो, ते काढू नका! मी तीन-तीन वेळा लावलंय ते.” उस्ताद म्हणाले, “दिसतंय साहेब. भिंतीला गिलावा करतात तसं केलंय. एक विचारू? हे पाणी आत येऊ नये म्हणून लावलं ना?” महाराज म्हणाले, “मग कशासाठी?” उस्ताद म्हणाले, “आत येणारच ते. गाडी नवी असली तरी येतं. काचेच्या खाली चारी बाजूंनी पन्हळ असते, कोपऱ्यांत चार नळ्या, त्या खांबांतून खाली चाकांपाशी निघतात. येणारं पाणी येतं, आपल्या वाटेनं जातं, बसणाऱ्याला कळत पण नाही. तुम्ही वरून दार लावत बसलात. खाली वाट बंद आहे, ती बघितलीच नाही कुणी.”

मग लेप निघाला, आणि उस्तादांनी कळ दाबली, आणि हत्तिणीने मोठा सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला, आणि झरोका उघडला. दहा महिन्यांनी आत आकाश दिसले. राजकन्या टायरवर पाय देऊन चढली आणि पाहते तो पुढल्या कोपऱ्यात, काळ्या चिखलात, बोटभर उंचीचे हिरवे रोप. राणीसाहेबही तोवर चहा घेऊन खाली आल्या होत्या. त्यांनी पान चुरून वास घेतला आणि म्हणाल्या, “झेंडू आहे हा.” उस्तादांनी रोप मुळासकट हळूच काढून राजकन्येच्या ओंजळीत दिले, आणि ब्रेकची तार नळीत घातली, पुढेमागे केली, आणि खालून पंप मारला, तेव्हा नळीच्या तोंडातून एक गोळा बाहेर पडला. आंबलेला, पिवळा. उस्तादांनी तो तळहातावर फोडला. तांदूळ. हळदीचे तांदूळ आणि काळ्या पडलेल्या पाकळ्या. दुसऱ्या नळीतही तेच, तिसरीतही तेच.

महाराज म्हणाले, “हे आम्ही टाकलेलं.” उस्ताद म्हणाले, “हो. दरसाल टाकायचे तुम्ही. दसरा झाला की चार-सहा दिवसांत बाई यायच्या, म्हणायच्या, इसाकभाई, माझं लग्न साफ करून द्या. मी तार घालायचो, हवा मारायचो. एकदा म्हटलं, बाई, घरी सांगा ना, तांदूळ नका टाकू म्हणावं, निस्ती फुलं टाका. तर म्हणाल्या, अजिबात सांगायचं नाही. सांगितलं तर टाकायचे बंद करतील.” आणि उस्ताद खाली पाहून तार गुंडाळू लागले. “गेल्या साली आल्या नाहीत. म्हणून राहिलं ते.”

मग तांब्याने पन्हळीत पाणी ओतले, आणि राजकन्या जमिनीवर आडवी होऊन पाहू लागली, आणि पुढल्या दोन्ही चाकांपाशी, मग मागल्या दोन्ही चाकांपाशी, बारीक धार लागली. “आलं! चारी बाजूंनी आलं!” ती ओरडली, आणि वर पाहिले तो महाराज हत्तिणीच्या दाराला टेकून उभे, आणि चेहरा ओला. इस्पितळात नाही, घाटावर नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, तेथे पीलखान्यात, किल्ल्याच्या सोसायटीचे सेक्रेटरीसाहेब येत जात असता, महाराज रडले. राणीसाहेबांनी हाताला लागले ते फडके दिले, ते उस्तादांचे ग्रीसचे निघाले, आणि महाराजांनी तोंड पुसताच गालावर दोन काळे पट्टे उमटले, कानापासून मिशीपर्यंत. राजकन्येस हसू आले, आणि ते दाबताना तिलाही रडू आले. “रडतंच होतं छत,” महाराज म्हणाले, “तू बरोबर विचारलंस.”

राजकन्येस वाटले, फत्ते जाहली. अष्टमीस दिवसभर हत्तिणीची दारे उघडी ठेवून वाळविली, आणि कुबट वास गेला, परंतु वाळ्याचा काही परत आला नाही. संध्याकाळी राजकन्या म्हणाली, “बाबा, आता दलालकाकांना नको म्हणून सांगा.” महाराज गुडघ्यास तेल चोळीत होते. म्हणाले, “यशू, गळते म्हणून नाही देत आहे मी.” “मग?” महाराज पुन्हा तेल चोळू लागले. राणीसाहेब तीस स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “त्यांचे गुडघे बघितलेस? निळे झालेत. वय नाही ते. मला काल खाली उभं राहिल्यावर कळलं. सीट बघ जाऊन. ताई बसायच्या तिथेच आहे ती. एवढा उंच माणूस, आठ महिने गुडघे पोटाशी घेऊन गाडी चालवतोय, पण एक खाच मागे नाही घेतली. मी विचारलं तर म्हणाले, ताईचं माप आहे ते, माझ्याच्यानं नाही हलवत.” राजकन्येस ती सारी रोजची सकाळ आठवली, आणि ती नाक खिडकीला लावून बसत असे ते आठवले, आणि फार लाज वाटली.

वद्य नवमी, रविवार, सकाळचे दहा. राजकन्या खुंटीवरची किल्ली घेऊन एकटी खाली गेली आणि आत्यासाहेबांच्या जागी बसली. पाय नेमके पोहोचले. पाठ नेमकी टेकली. तिची उंची हल्ली तेवढीच जाहली होती, हे तिला ठाऊक नव्हते. ती बराच वेळ बसली, आणि झरोका उघडला, आणि वर पाहिले, आणि आपले नाव ओरडावे असे मनात आले, परंतु ओरडली नाही. मग आसनाखालची दांडी ओढली, आणि टाचांनी जोर लावून आसन मागे ढकलले, खट्, खट्, खट्, शेवटपर्यंत. खाचा मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तर पुन्हा तेथेच आणता आले असते, म्हणून मुद्दाम मोजल्या नाहीत. आत्यासाहेबांचे माप या पृथ्वीवर तेवढेच उरले होते, तेही गेले. राजकन्येने सुकाणूच्या चाकावर डोके ठेवले. मग उठली, कारण दलाल स्कूटर लावीत होता.

येणेप्रमाणे हत्तिणीच्या छताची हकीकत. पाणी वरून आले, अक्षताही वरूनच आल्या. दोन्हीस वाट एकच होती, आणि ती दरसाल गुपचूप साफ करवून घेणारे माणूस एक होते, ते आम्हांस उशिरा कळले. झेंडूचे रोप सज्जात लाविले आहे, त्यास कळी धरली आहे. त्या रविवारी राजकन्या जिना चढून महालात गेली, आणि महाराज आणि राणीसाहेब न्याहारीस बसले असता त्यांसमोर उभी राहून म्हणाली:

“आई, बाबा, मी ठरवलंय. गाडी जाणार नाही. दलालकाकांना मी खालीच सांगितलं, ते चिडले, चिडू देत. बाबा, सीट मी मागे घेतलीय. तुम्ही नाही, मी. आता नीट पाय पसरून चालवायची, रडत चालवलीत तरी चालेल. दसऱ्याला अक्षता पडणार, छतात कोणी उभं नसलं तरी, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आणि मी उस्तादांकडे जाणार, दरसाल. आणि चहा तसाच ठेवा, आधी खाली चला, छत उघडं टाकून आलेय मी, आभाळ भरून आलंय.”